जोखीम हिरवी करण्याची सोपी रीत

महाविद्यालयांना दर्जा ठरवून देणाऱ्या नॅकची समिती पंधरवड्यावर आली आणि तुमच्या रसायनशास्त्र विभागात जोखीम-तक्ता नाही? विभागप्रमुख महोदय, घाबरू नका. एक दुपार पुरेल.

पाच बाय पाचचा चौकोन आखा. आडवी तीव्रता, उभी शक्यता, दोन्हींना १ ते ५ गुण. गुणाकार ५ पर्यंत आला की हिरवा, १२ पर्यंत पिवळा, पुढे लाल. लाल रंग येईल अशी धास्ती नको, गुण देणारे तुम्हीच आहात. स्फोटात माणूस जाणं म्हणजे तीव्रता ५. तिथे काटकसर केली तर बरं दिसत नाही. पण शक्यता? आपल्याकडे झालंय का असं कधी? नाही ना? मग द्या १. पाच एके पाच, हिरवा. फुटक्या पिपेटने रोज कोणाचं तरी बोट कापतं, तेही एक पंचे पाच, हिरवंच. स्फोट आणि खरचटणं एका रंगात बसवणारी अशी सोय दुसऱ्या कुठल्या कागदात मिळणार नाही.

एखादा नवा प्राध्यापक मध्येच बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेचं नाव काढेल. डिसेंबर २०१८ मध्ये तिथल्या प्रयोगशाळेत स्फोट झाला आणि एक संशोधक जिवाला मुकला. त्याला सांगा, ‘अहो, त्या मोठ्या संस्था. आपल्याकडे कुठे एवढं संशोधन चालतं?’ यावर सहसा कोणी वाद घालत नाही.

आता धोक्यांचा नकाशा, म्हणजे प्रयोगशाळेच्या आराखड्यावर धोक्याच्या जागा दाखवायच्या. यात तुमचा फ्रीज जरा अडचण करेल. फ्रीज घरगुती, कोणा सरांनी नवा घेतला तेव्हा जुना विभागाला दिलेला. आत डायइथिल ईथर. त्याचा फ्लॅश पॉइंट, म्हणजे ज्या तापमानापासून वाफ पेटू शकते तो, उणे ४५ अंश सेल्सिअस, म्हणजे फ्रीजच्या थंडीतही वाफ पेट घ्यायला तयार, आणि ठिणगी द्यायला आतला थर्मोस्टॅट आहेच. खरं दाखवायचं तर फ्रीज लाल रंगवावा लागेल. त्यापेक्षा दारावर ‘खाद्यपदार्थ ठेवू नयेत’ असा कागद चिकटवा. ईथरशेजारी कोणाचा तरी दह्याचा डबा आहे, तो समितीच्या दिवसापुरता काढा. ओट्यावरच्या ईथरच्या बाटलीभोवती मात्र कंपासने सुबक वर्तुळ काढा. ईथरची वाफ हवेपेक्षा जड असते, ती ओट्यावरून सरपटत पलीकडच्या बर्नरपर्यंत पोचते. पण नकाशा काय वाफेने वाचायचा आहे?

बाटल्यांवरच्या लाल किनारीच्या चिन्हांचं पोस्टरही लावा. एकूण नऊ चिन्हं. ज्वाळा म्हणजे पेटणारा पदार्थ. वर्तुळावर ज्वाळा म्हणजे दुसऱ्याची आग भडकवणारा. दोघांना शेजारी ठेवायचं नसतं. तुमच्या कपाटात बाटल्या इंग्रजी वर्णानुक्रमाने लावल्यात, त्यामुळे पहिल्याच फळीवर पेटणारं ॲसिटोन आणि आग भडकवणारं अमोनियम नायट्रेट गुण्यागोविंदाने नांदतात. राहू द्या. बाटली चटकन सापडणं हीसुद्धा सुरक्षाच.

एखादी जोखीम पिवळी राहिलीच, तर ‘उपाययोजना’ या रकान्यात ‘गॉगल वापरावा’ असं लिहा आणि गुण निम्मे करा. गॉगल आहेत, कुलपात आहेत. बाहेर ठेवले की मुलं हरवतात.

मग छपाई. विभागाचा प्रिंटर काळा-पांढरा, त्यामुळे लाल आणि हिरवा जवळपास एकाच करड्या छटेत येतात. खर्च वाचतो, आणि समितीला प्रश्न विचारायला रंगही उरत नाही. लॅमिनेशन मात्र चांगलं करा, आणि तक्ता दाराच्या मागच्या बाजूला लावा. प्रॅक्टिकलच्या वेळी दार उघडं असतं, तेव्हा उन्हाने तो फिका पडत नाही.

एकच पथ्य पाळा: हे सगळं चाललं असताना लॅब अटेंडंट मामांना आसपास फिरकू देऊ नका. कुठल्या ओट्याची गॅसची नळी चिरली आहे, कुठल्या सॉकेटला हात लावला की झटका बसतो, घातक वाफा बाहेर ओढणाऱ्या फ्यूम हूडचा पंखा कधीपासून नुसताच आवाज करतो, हे त्यांना तोंडपाठ आहे. विचारलं की ते बोलतात, आणि बोलले की तक्ता पुन्हा करावा लागतो. त्यांना समितीच्या चहाचं बघायला पाठवा.

आणि पुढेमागे खरंच काही पेटलं, तर तक्ता टाकून देऊ नका. शक्यता १ ची २ करा. पाच दुणे दहा, अजून पिवळाच.