खोडावर नव्हे, मुळावर घाव बसला

नरक्या या औषधी झाडाच्या तोडीवरच्या लेखात म्हटलंय की नरक्या एकदा तोडला की संपला. हे मला पटलं नाही. आंबोलीकडे आमच्या गावाला लागून असलेल्या रानात मोठ्या झाडांच्या सावलीत नरक्या भरपूर होता. मनगटाएवढी खोडं, फुलांना असा घाण वास की नाव का पडलं ते सांगावं लागत नाही. तोड झाली तेव्हा मी कॉलेजात होतो. जिथे नुसती खोडं कापली होती, तिथल्या बुंध्यांना पुढच्या पावसाळ्यात चार-पाच धुमारे फुटलेले मी स्वतः पाहिलेत. मोडलं तरी पुन्हा फुटणं हे या झाडाच्या अंगातच आहे.

खरा घात खणण्याने झाला. कर्करोगावरच्या औषधांसाठी लागणारं कॅम्प्टोथेसिन हे रसायन नरक्याच्या मुळांतही असतं, म्हणून ठेकेदाराच्या माणसांनी पहारी लावून झाडं मुळासकट उपटली. तिथे धुमारा फुटायचा कशातून? आणि राहिलेले धुमारेही फळं धरायच्या आतच पुन्हा छाटले, मग बी कुठून पडणार? तोड आणि उपटणं यातला हा फरक लेखात यायलाच हवा होता.