सत्तावीस पेट्यांत संसार कसा बसवावा

खडकवासल्याला तीन वर्षं आणि डेहराडूनला एक वर्ष काढून तुम्ही फौजेत अधिकारी झालात, अभिनंदन. नकाशा वाचणं, अंधारात चालणं आणि काट्या-सुरीनं मुकाट जेवणं तुम्हाला आता येतं. पुढचंही बरंचसं छापील आहे: दोन वर्षांनी कॅप्टन, सहा वर्षांनी मेजर, तेरा वर्षांनी लेफ्टनंट कर्नल. संसार तेवढा अभ्यासक्रमात नसतो, म्हणून या सूचना.

लग्न झाल्या झाल्या रद्दी विकणं बंद करा. वर्तमानपत्रांचा कमरेइतका गठ्ठा घरात कायम हवा. तो कशासाठी, ते कळेलच. मग निवांत पडदे शिवायला टाका. नवे पडदे टांगून महिना झाला की बदलीचा हुकूम येतो. हा नियम कुठल्या पुस्तकात नाही, पण मोडलेलाही ऐकिवात नाही. हे पडदे पुढच्या घराला चार बोटं आखूड पडतात. इंग्रजांच्या काळातल्या बंगल्याची आणि नव्या तीनमजली इमारतीची खिडकी एका मापाची असावी, असं आजवर कुणालाच वाटलेलं नाही.

विंचवाचं बिऱ्हाड पाठीवर, तुमचं काळ्या पेट्यांत. पेटी पत्र्याची घ्यावी की लाकडाची, यावर मेसमध्ये दोन तट आहेत. पत्र्याची हलकी, पण पोचे पडले की झाकण बसत नाही. मग कडी लावायला एकानं वर बसावं लागतं. लाकडाची टिकते, पण रिकामी उचलायलाही दोघं लागतात आणि आसामच्या ओलीत ती फुगून बसते. निम्म्या निम्म्या घ्या, म्हणजे दोन्हीकडचा त्रास सारखा होईल.

ताटल्या आडव्या रचू नका, खालच्या तडकतात. एकेकीला वर्तमानपत्र गुंडाळून पुस्तकांसारख्या उभ्या लावा, तळाशी आणि कडेनं जुन्या चादरी कोंबा, मग पेटी हलवून पाहा. आवाज आला तर अजून एक टॉवेल. एवढं करूनही ५१ नगांचा डिनर सेट तिसऱ्या बदलीपर्यंत ४४ वर येतो. आणि नेमकं फुटतं ते सुपाच्या भांड्याचं झाकण, जे सुटं कुठेच मिळत नाही.

फ्रिज आदल्या दिवशी बंद करून, वितळवून, कोरडा पुसून दार किलकिलं ठेवा, नाहीतर पोहोचेपर्यंत आत बुरशी. प्रवासात तो उभाच हवा. आडवा केला की कॉम्प्रेसरमधलं तेल नळीत चढतं. समोरून उघडणाऱ्या वॉशिंग मशीनच्या ड्रमला प्रवासात हलू न देणारे बोल्ट मागून बसवायचे असतात. ते मशीनबरोबर आले होते. तुम्ही ते ‘नीट’ ठेवले होते. नीट ठेवलेली वस्तू निवृत्तीनंतर सापडते.

१ नंबरच्या पेटीत कुकर, तवा, चहा-साखर, बल्ब, एक्स्टेन्शन बोर्ड, स्क्रू-ड्रायव्हर. ही ट्रकमध्ये सगळ्यांत शेवटी चढवायची, म्हणजे आधी उतरते. मदतीला आलेली मंडळी उत्साहानं ती सगळ्यांत आधी चढवतात. पेट्यांची यादी तीन प्रतींत करा आणि किल्ल्यांचा जुडगा खिशात ठेवा. तो १४ नंबरच्या पेटीत राहतो आणि १४ नंबरची किल्ली त्याच जुडग्यात असते.

शेवटी पांढऱ्या रंगानं हुद्दा, नाव, कुठून, कुठे. जुनं नाव काळ्यानं पुसायचं, पण ते पुरतं पुसलं जात नाही. जुन्या पेटीवर तिरपं ऊन पडलं की थरांखालचं सगळं वाचता येतं: कॅप्टन, पठाणकोट, त्याखाली लेफ्टनंट, देवळाली. तुमच्या संसाराचा इतका खरा इतिहास दुसरीकडे कुठे लिहिलेला नाही.

खर्चाची काळजी नको. बदलीसाठी मूळ पगाराच्या ८० टक्के अनुदान मिळतं. दाव्याचे कागद पुण्याला जातात, कारण लष्करातल्या सगळ्या अधिकाऱ्यांच्या पगाराचा हिशेब पुण्यातच राहतो. पावत्या जपून ठेवा. ज्या पावतीत मुलानं च्युइंगम गुंडाळून फेकला, दाव्यात नेमकी तीच लागते.

नव्या ठाण्यावर घर लगेच मिळत नाही, प्रतीक्षायादीत नंबर लागतो. तोवर गेस्टरूममध्ये, एका खोलीत, दोन मुलं आणि इंडक्शनच्या शेगडीवर प्रेमानं राहा. घर मिळालं की ‘मार्चिंग इन’: लष्कराच्या बांधकाम खात्याचा माणूस यादी घेऊन येतो. पंखे ५, नळ ७, पडद्याचे दांडे ६, काचा अमुक. नव्या अधिकाऱ्याला यादी वाचायचा कंटाळा असतो. तो दाराशी उभ्या उभ्या सही करतो. अडीच वर्षांनी ‘मार्चिंग आऊट’ला तोच कागद परत येतो. आता तोच माणूस न्हाणीघराच्या झरोक्याची काच तडकलेली आहे असं म्हणतो, तुम्ही ती आधीपासूनच तशी होती असं म्हणता आणि दोघंही कागदाकडे बघता. कागदावर सही तुमची. भिंतीतले खिळे मोजले जातात, तेव्हा ते आदल्या रात्री उपटून भोकं टूथपेस्टनं बुजवा. पांढरीच वापरा. जेलची हिरवी भोकं लगेच दिसतात.

अंगणात पपई जरूर लावा. खाणार पुढचा, तुम्ही मागच्याचं लिंबू खाताच आहात.

मुलांच्या शाळेचं सोपं आहे. केंद्रीय विद्यालय किंवा आर्मी पब्लिक स्कूल, पुस्तकं थोडीफार तीच. गोची होते ती भाषेची. मूल भटिंड्यात पंजाबी उच्चारात हिंदी शिकतं, नंतर संस्कृतची रूपं घोकतं आणि सुट्टीत आजीला मराठीत सांगतं, ‘मी गलती केली.’ आजी तेवढ्यावर खूश होते, तुम्हीही व्हा. सीबीएसईची नोंदणी नववीत होते, म्हणून मूल नववीत गेलं की कुटुंब जिथे असेल तिथे खुंट्याला बांधल्यासारखं थांबतं आणि तुम्ही एकटेच पुढे जाता. फिल्डवरून, म्हणजे सीमेकडच्या नेमणुकीवरून, पत्ता द्यायचा ‘५६ एपीओ’, म्हणजे लष्करी टपाल कचेरीचा. हे गाव नेमकं कुठल्या जिल्ह्यात, असं मावशी विचारतील. उत्तरेकडे आहे, म्हणून सांगा.

सुट्टी भरपूर: वर्षाला ६० दिवस वार्षिक, २० दिवस किरकोळ. दोन्ही एकमेकींना जोडता येत नाहीत आणि मंजूर झालेली सुट्टी म्हणजे मिळालेली सुट्टी नव्हे. म्हणून भाचीच्या लग्नाचं तिकीट परत करता येईल असंच काढा आणि ‘बघतो’ हा शब्द घोटून ठेवा. लग्नाला पोहोचलातच, तर पंगतीत उजवीकडचे काका तुम्हाला सीमेवर काय करायला हवं ते सांगतील आणि डावीकडचे काका कॅन्टीनच्या बाटलीबद्दल विचारतील. दोघांनाही हो म्हणा. कॅन्टीनचा कारभार १९४८ पासून चालतोय, पण नातेवाइकांची यादी त्याहून जुनी आहे.

खरं कसब घरी परतण्यात आहे. आठ महिन्यांनी आलात तर पहिले तीन दिवस काहीही हलवू नका. मिठाची बरणी, चपलांचा कोपरा, वायफायचा डबा, सगळं आहे तिथेच राहू द्या. गॅस संपला, ताप आला, छत गळलं, हे सगळं तुमच्यावाचून निस्तरलं गेलंय. त्याचा आढावा मागू नका. ‘हे असं का केलं नाहीस?’ हे वाक्य युनिटमध्येच ठेवून या. मुलगा विचारेल, ‘बाबा, तुम्ही किती दिवस आहात?’ डोळे पुसायची घाई नको. तुमची बॅग त्याच्या अभ्यासाच्या टेबलावर आहे.

बायकोच्या नोकरीचा मुद्दा थोडक्यात आटोपू, घरोघरी आटोपतात तसाच. घडी घालता येईल अशी नोकरी तिनं धरावी. बी.एड. बरं. दर तीन वर्षांनी ती पहिल्या पायरीवरून सुरुवात करेल आणि तुम्ही मित्रांना अभिमानानं सांगाल, ‘ती फार अॅडजस्ट करते.’

कर्नल म्हणून चोपन्नाव्या वर्षी निवृत्त झालात की पुण्यात फ्लॅट घ्या. पेट्या लिफ्टमध्ये मावत नाहीत आणि पार्किंगमध्ये ठेवल्या तर सोसायटीची नोटीस येते. सहा पेट्यांवर गादी टाकली की बरा दिवाण होतो. पडदे एकदाचे मापाचे शिवून होतील. तिसऱ्या वर्षी एका सकाळी तुम्ही चहाचा कप हातात घेऊन हॉलच्या भिंतीतले खिळे मोजताना सापडाल. घरातलं कुणी हसणार नाही. गॅलरीत तेव्हा रद्दीचा गठ्ठा कमरेपर्यंत आलेला असेल, आणि रद्दीवाल्याला बायकोनं कालच परत पाठवलेलं असेल.