अख्खा सोनाटा मागता, तर ऐका की!

"थँक यू, दॅट्स लव्हली."

एक्स्पोझिशन, म्हणजे सोनाटातली सुरुवातीची मांडणी, नुकतं संपलं होतं. रिपीटसाठी मी पुन्हा पहिल्या कॉर्डवर हात नेला आणि तेवढ्यात समोरून हे आलं. हात तसेच हवेत, पाय पेडलवर. समोर चार परीक्षक बसलेले, पण एकाचीही मान वर नाही.

परदेशातल्या एका विद्यापीठात पियानो शिकायला प्रवेश मिळावा म्हणून दिलेली ही ऑडिशन. ही शनिवारची गोष्ट, आज बुधवार आहे आणि माझा संताप तसूभरही कमी झालेला नाही. जेटलॅगमुळे रात्री दोनला जाग येते आणि जाग आली की डोक्यात पहिलं तेच वाक्य वाजतं. चौघांपैकी कोण बोललं तेसुद्धा मला कळलं नव्हतं.

त्यांच्याच यादीत काय लिहिलं होतं? बेथोव्हेनचा संपूर्ण सोनाटा, सगळ्या मूव्हमेंट्स म्हणजे सगळे भाग, तोंडपाठ. 'संपूर्ण' जाड ठशात. मी ओपस 31 नंबर 2 घेतला, डी मायनरमधला. तीन मूव्हमेंट्स मिळून 24 मिनिटं. त्यातली ऐकली जेमतेम दोन.

थांबवतात हे मला माहीत होतं, ते सांगायला कृपया कोणी येऊ नका. मला पियानो शिकवणाऱ्या मिसनी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. पण कुठे थांबवलं ते बघा ना! पुढे डेव्हलपमेंट, म्हणजे मधला विस्तार, संपतं, सुरुवातीचा लार्गो, तो अगदी संथ तुकडा, परत येतो आणि तिथे बेथोव्हेन सगळं थांबवून एकट्या उजव्या हाताला बोलायला लावतो. साथीला काहीही नाही. कोणीतरी रिकाम्या घरात स्वतःशीच बोलावं तसं. आणि ते बोलणं चालू असताना सूर रेंगाळत ठेवणारं पेडल दाबूनच ठेवायचं, हे त्याने स्वतः लिहून ठेवलंय. त्याच्या काळच्या पियानोत सूर लवकर विरायचा. आताच्या ग्रँडवर पेडल पूर्ण दाबलं तर सगळा चिखल होतो आणि सोडलं तर ते बोलणं वाळून जातं. मग अर्धं दाबायचं. पण अर्धं म्हणजे किती? प्रत्येक पियानोचं अर्धं वेगळं.

त्या मोजक्या बारसाठी मी आठ महिने दिलेत. घरी डिजिटल पियानो आहे, त्याच्या पेडलवर हे कळतच नाही. म्हणून सिंहगड रोडवरून रोज कॅम्पात मिसकडे जायचे, त्यांच्या जुन्या अपराइटवर. पावसाळ्यात त्यांच्या पियानोच्या पट्ट्या फुगतात, एक दाबली की शेजारची सोबत खाली जाते. आत ओल धरू नये म्हणून त्या रात्रंदिवस एक छोटा दिवा लावून ठेवतात. जुलैमध्ये रेनकोट काढून, ओले हात टॉवेलला पुसून मी बसायचे आणि मिस म्हणायच्या, "पायाने नाही, कानाने दाब." एका संध्याकाळी, गणपतीच्या आदल्या आठवड्यात, ते जमलं. एक सूर दुसऱ्यात मिसळला आणि तरी दोन्ही वेगळे ऐकू आले. मिस काही बोलल्या नाहीत, नुसता चष्मा काढून ठेवला. मला ते चौघांना ऐकवायचं होतं. एवढंच करायला मी मुंबईहून दोन विमानं आणि एक बस बदलून उणे 14 अंशांत गेले होते.

आणि वाजवत होते तेव्हा काय चाललं होतं? सोनाटा उघडतो तोच मुळी पियानिसिमो आर्पेजिओने, एकामागून एक उलगडणाऱ्या सुरांनी, इतका हळू की श्वास रोखून ऐकावा. नेमक्या त्याच क्षणी डावीकडच्या बाईंनी गोळीचा कागद सोडायला घेतला. हळूहळू. चर्र. थांबून पुन्हा चर्र. गोळीचा कागद हळू सोडणाऱ्यांचा मला लहानपणापासून राग आहे, एकदाच काय तो फाडा आणि मोकळे व्हा! पण प्रेक्षागृहातल्या काकूंनी सोडला तर मी समजू शकते. आयुष्य पियानोत घालवलेल्या प्राध्यापक आहात तुम्ही. लार्गो किती बारचा असतो, त्यानंतरच्या वेगवान अलेग्रोत आवाज होतो, हे तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे. त्यांच्या शेजारचे गृहस्थ लॅपटॉपवर टाइप करत होते. माझ्याबद्दलच लिहीत असतील, मान्य. पण पहिल्या कॉर्डपासून? तिथे अजून लिहिण्यासारखं घडलं तरी काय होतं?

बाखचंही तेच. 'वेल टेम्पर्ड क्लाव्हिअर'च्या पहिल्या भागातला जी मायनर, प्रील्यूड आणि चार आवाजांची फ्यूग, म्हणजे एकच विषय, एकच धून, चार आवाजांत आळीपाळीने येते ती रचना. फ्यूगच्या शेवटाकडे विषय एकावर एक चढत येतो, एकाचं वाक्य पुरं व्हायच्या आत दुसरा बोलायला लागतो. सगळी फ्यूग तिथे पोचण्यासाठी चाललेली असते. त्याच्या एक पान आधी थांबवलं. आपल्याकडे बैठकीत कोणी गायकाला समेच्या दोन मात्रा अलीकडे "बास" म्हणेल का? सवाई गंधर्वला मंडपात गारठून बसलेली माणसं मी लहानपणापासून बघत आलेय, सम आल्यावर हजारो माना एकदम हलतात. शाळेतल्या गायन स्पर्धेतसुद्धा आधी इशाऱ्याची एक घंटा होते, म्हणजे मूल निदान ध्रुवपदावर येऊन थांबतं. आठवीतल्या मुलांना मिळते तेवढी मुभा आम्हाला नाही.

मग शोपँचा एट्यूड, म्हणजे बोटांचा कस लावणारी छोटी रचना, मागितला, ओपस 10 नंबर 4. तो दोन मिनिटांचा, तो मात्र पूर्ण ऐकला. बोटं किती पळतात ते सगळ्यांना बघायचं असतं. ब्राम्सचे ओपस 118 मधले दोन पीस मागितलेच नाहीत. बार्टोकचा ओपस 14 मागितला नाही. 50 मिनिटांचा कार्यक्रम पाठ करून गेले होते, वेळ 15 मिनिटांची दिली होती आणि मी 9 मिनिटांत बाहेर. कॉरिडॉरमध्ये बाबा माझा कोट हातात घेऊन उभे होते. त्यांनी घड्याळाकडे बघितलं, मग माझ्याकडे, आणि काही न विचारता कोट पुढे केला. हॉटेलवर गेल्यावरही विचारलं नाही. त्या 9 मिनिटांसाठी बाबांनी एफडी मोडली आहे.

वॉर्मअपचं तर बोलूच नका. 20 मिनिटं देणार होते, 10 मिळाली. खोलीतला पियानो असा की मधला डी दाबला की वरच येईना. डी! डी मायनरचा सोनाटा घेऊन आलेली मी आणि तोच सूर बसलेला. भिंतीपलीकडे कोणीतरी माझाच सोनाटा वाजवत होतं, शेवटची मूव्हमेंट, नको तितक्या वेगात. बोटं थंडीने निळी. मी दहातली चार मिनिटं हात काखेत धरून बसले होते. तिथून थेट स्टेजवर, नऊ फुटी ग्रँडसमोर, ज्याला मी आयुष्यात कधी हात लावलेला नाही. स्टूल खाली घ्यायला गोल मूठ फिरवायला लागले तर समोरून, "व्हेनेव्हर यू आर रेडी." स्टूलची उंची नीट करणं हा वेळकाढूपणा नसतो हो!

आणि लाइव्ह ऑडिशनपर्यंत पोचायला आधी प्रीस्क्रीनिंग. 1 डिसेंबरच्या आत व्हिडिओ पाठवा. एकेक पीस सलग, मध्ये कट नाही, चेहरा आणि हात दोन्ही दिसले पाहिजेत. नियम बरोबर आहे, फसवाफसवी होऊ नये. पण नोव्हेंबरात आपल्याकडे काय असतं ते कोणाला सांगायचं? दिवाळीचे फटाके संपले की तुळशीचं लग्न, आणि ते झालं की माणसांची. मुंबईत तीन तासांसाठी ग्रँड असलेला हॉल घेतला, सकाळी पावणेसहाच्या गाडीने गेलो. ब्राम्सचा इंटरमेझो, ए मेजर, शेवटची ओळ, मी हात उचलणार एवढ्यात खिडकीखालून वरात. बेंजो पार्टी! पुन्हा पहिल्यापासून. दुसऱ्या वेळी ट्रक मागे घेताना वाजतो तो पोंगा. चौथ्या वेळी मी तो पीस वाजवत नव्हते, नुसता संपवत होते, आणि तोच व्हिडिओ गेला. ज्यांच्या घरी तळघरात स्टाइनवे आहे आणि आवाज न येणारी खोली आहे, त्यांची आणि माझी तुलना त्या व्हिडिओवर झाली.

तरी त्यांनी बोलावलं. म्हणून तर जास्त लागलं. बोलावलंत ना? मग ऐका.

पैसे तर दर वळणावर. अर्जाची फी वेगळी, ऑडिशनची वेगळी, इंग्रजीच्या परीक्षेची वेगळी, सगळी डॉलरमध्ये आणि न ऐकता परत न मिळणारी. ऐकूनही परत मिळत नाही म्हणा, पण निदान ऐका तरी! प्रत्येक विद्यापीठाची यादी वेगळी. एकाला दोन एट्यूड हवेत, दुसऱ्याला एक. शोपँच्या ओपस 10 मधला 3 आणि 6, ओपस 25 मधला 7 बऱ्याच ठिकाणी चालत नाहीत, कारण ते संथ आहेत. म्हणजे पियानो गायला लावणं कोणाला अवघड वाटत नाही का? मी ओपस 10 नंबर 6 दोन वर्षं वाजवला होता. तो गेला बाजूला.

आणि हे सगळं जानेवारी ते मार्च. आपली बारावीची बोर्डाची परीक्षा फेब्रुवारीत, त्याआधी प्रॅक्टिकल्स. दोन्ही एका वेळी होऊच शकत नाही, म्हणून बारावी झाल्यावर मी एक वर्ष ड्रॉप घेतला. नीटसाठी लोक तीन-तीन वर्षं ड्रॉप घेतात, त्यांना आत्या-मावश्या बदाम भिजवून देतात. मी पियानोसाठी घेतला तर प्रत्येक लग्नात प्रश्न, "सध्या काय करतेस?" रोज सहा तास बसते, सांगितलं. "हो, पण काय करतेस?" वर, "एखादं हिंदी गाणं वाजव ना." काकांनी तर आईला बाजूला घेऊन विचारलं की तिला काही त्रास आहे का. आई तिथून उठून गेली, आणि ती कधीच कुठून उठून जात नाही.

मिसना काल सगळं सांगितलं. त्या म्हणाल्या, "अगं, त्यांना दोन मिनिटांत कळतं." मिसवर मी चिडत नाही, पण काल चिडले. दोन मिनिटांत कळतं ना? मग यादीत दोन मिनिटांचंच मागा! लिहा की फक्त एक्स्पोझिशन आणा. 50 मिनिटं पाठ करायला लावून मुलांचं एकेक वर्ष का घेता? आणि काय कळतं दोन मिनिटांत? बोटं कळतात. हात कुठे शिकलाय ते कळतं. पण 20 मिनिटांनंतर तिसऱ्या मूव्हमेंटमध्ये, तो एकसारखा फिरणारा झरझर सुरांचा धागा संपत नाही तेव्हा, हे मूल अजून ऐकतंय की नुसतं वाजवतंय, ते कसं कळतं? चार वर्षं तुम्ही ज्याला शिकवणार, त्याचं नेमकं तेच तर कळायला हवं.

मिस थोडा वेळ गप्प होत्या. मग म्हणाल्या, "बस. पूर्ण वाजव."

मी पहिल्या बारपासून वाजवला, रिपीटसकट. रेसिटेटिव्ह, ते एकट्या उजव्या हाताचं बोलणं, आलं तेव्हा बाहेर कुठलीतरी रिक्षा सुरू होत नव्हती, खर्र खर्र चाललं होतं. मिसनी उठून खिडकी लावली, कडीचा आवाजसुद्धा न करता, आणि तिथेच उभ्या राहून शेवटपर्यंत ऐकलं.

आता पुढची ऑडिशन 2 मार्चला, ऑनलाइन. आज सकाळी त्यांचं पत्र आलं. बाख, एक एट्यूड, आणि संपूर्ण सोनाटा, तोंडपाठ. एकूण वेळ 12 मिनिटं.