खण एकच, लेटरहेड दोन

भाऊ, अभिनंदन! वॉर्डातून पार्षद, म्हणजे नगरसेवक, म्हणून निवडून आलात आणि पंधरवडा उलटायच्या आत पक्षानं मंडल अध्यक्षपदही गळ्यात घातलं. आम्हा इंदूरच्या रामबागेतल्या मराठी मंडळींची कॉलर ताठ झाली. आता काही खवचट लोक विचारतील, एकाच वेळी दोन खुर्च्यांवर बसणं नीतीला धरून आहे का? बिचकू नका. १९५१ ते १९५४ या काळात नेहरू पंतप्रधानही होते आणि काँग्रेसचे अध्यक्षही. पुढे त्यांनी पक्षाची खुर्ची सोडली, पण तेवढं सांगत बसू नका.

लाभाच्या पदाची भीती कुणी घातली, तर हसून चहा मागवा. घटनेचं १९१ वं कलम आमदारांना अडवतं ते सरकारी लाभाच्या पदावरून, आणि पक्ष म्हणजे सरकार नव्हे. निदान कागदावर तरी नव्हे.

आता कामाचं बोलू. टेबलाच्या खणात दोन लेटरहेडं ठेवा, एक पार्षदाचं, एक पक्षाचं. नळ कोरडा असल्याची तक्रार आली की पक्षाचं काढा आणि लिहा, ‘आपल्या भावना वर कळवल्या आहेत.’ पाणी आलं की पार्षदाचं काढा, ‘माझ्या प्रयत्नांना यश.’ इंदुरात नर्मदा एक दिवसाआड येते, त्यामुळे दोन्ही गठ्ठे बरोबरीनं संपतात.

सभागृहाच्या अध्यक्षांसाठी १९८५ च्या दहाव्या अनुसूचीत, म्हणजे पक्षांतरबंदी कायद्यात, एक सोय आहे. त्या खुर्चीसाठी त्यांनी पक्ष सोडला, तर पक्षांतराचा ठपका येत नाही. सोय आहे, सक्ती नाही. नीलम संजीव रेड्डींनी १९६७ मध्ये लोकसभेचे अध्यक्ष झाल्यावर पक्ष सोडला होता. आपल्या सुमित्राताई महाजन २०१४ ते २०१९ याच खुर्चीवर होत्या, त्यामुळे ती किती उंच असते हे इंदूरकरांना ठाऊक आहे. तुमची खुर्ची प्लॅस्टिकची. तिच्यासाठी कुणी पक्ष सोडतं का?

निवडणुकीच्या आचारसंहितेत मंत्र्यांना सरकारी दौऱ्याला प्रचार जोडता येत नाही. तुम्ही दौरा काढूच नका. सकाळी छप्पन दुकानवर पोहे खायला जा. तिथे चार कार्यकर्ते आणि निगमचा, म्हणजे महापालिकेचा, सफाई दरोगा भेटले तर तो योगायोग. मंच मात्र पक्षाच्या पैशानं बांधा, बरं का. १२ जून १९७५ ला अलाहाबाद हायकोर्टानं इंदिरा गांधींची निवडणूक रद्द केली, त्यात सभेचे मंच सरकारी अधिकाऱ्यांकडून उभारून घेतल्याचाही ठपका होता. निगमच्या टँकरवर झेंडाही लावू नका. ड्रायव्हरच्या गळ्यात दुपट्टा असला म्हणजे झालं.

राहता राहिली खरी परीक्षा. मागच्या गल्लीतल्या काकू पेन्शनच्या फॉर्मवर सही मागायला येतील. पार्षदाला या सहीला अर्धं मिनिट लागतं, म्हणून तुम्ही आधी अध्यक्ष व्हा. मतदार यादी उघडा, बूथ नंबर बघा, ‘काकू, पक्षाची सदस्यता झाली का?’ असं प्रेमानं विचारा. ‘चष्मा घरी राहिला रे’ म्हणाल्या, तर त्यांचा मोबाइल हातात घेऊन पक्षाच्या सदस्यता नंबरावर मिस्ड कॉल तुम्हीच द्या. मेसेज आला की मग पार्षद व्हा आणि सही ठोका. आणि हो, शिक्क्याची शाई जरा पुसट ठेवा.