नख श्वास घेत नाही, मग खराब कशानं होतं?

लग्नाचे मुहूर्त सुरू झाले की हा फॉरवर्ड पुन्हा फिरायला लागतो. ‘मैत्रिणींनो सावधान! युरोपने जेल नखांवर बंदी घातली. कृत्रिम नखांखाली खऱ्या नखांना श्वास घेता येत नाही, ती पातळ होतात, पिवळी पडतात. पार्लरच्या दिव्याने कॅन्सर होतो. म्हणून दर महिन्याला नखं घरीच काढा, पंधरा दिवस मोकळी ठेवा आणि बायोटिनच्या गोळ्या घ्या.’ खाली हात जोडलेले इमोजी. मी नखांचंच काम करते. ‘हिच्या पोटावर पाय येतोय म्हणून बोलते’ असं म्हणायचं असेल तर खुशाल म्हणा.

युरोपचं आधी उरकते. जेल म्हणजे नखावर लावून यूव्ही (अतिनील) दिव्याखाली कडक करायचा लेप. बंदी जेलवर नाही, त्यातल्या टीपीओ नावाच्या एका घटकावर आहे. दिव्याखाली जेल कडक व्हायला सुरुवात करून देणारा हा पदार्थ. प्राण्यांवरच्या प्रयोगांवरून तो प्रजननाला घातक ठरवला गेला आणि १ सप्टेंबर २०२५ पासून युरोपीय संघात सौंदर्यप्रसाधनांत वापरायला मनाई झाली. तेच काम करणारे दुसरे घटक आहेत. तुमच्या पार्लरमधलं जेल टीपीओ नसलेलं आहे का, हे जरूर विचारा.

आता श्वास. नख म्हणजे केराटिन, केसासारखंच निर्जीव. जिवंत भाग मुळाशी, कातडीखाली असतो आणि त्याला प्राणवायू रक्तातून मिळतो. हाताचं नख महिन्याला साधारण ३ मिलिमीटर वाढतं, म्हणजे पूर्ण नवं नख यायला सहाएक महिने. पंधरा दिवसांच्या ‘सुट्टी’त जेमतेम दीड मिलिमीटर पुढे सरकतं. पातळ झालेला भाग होता तसाच राहतो.

नख पातळ होतं, हे मात्र खरं. ते होतं लावण्याआधी वाजवीपेक्षा जास्त घासल्यानं आणि काढताना उपटल्यानं. आणि फॉरवर्ड नेमका ‘घरीच काढा’ म्हणतो! दातांनी किंवा जुन्या एटीएम कार्डानं उचकटलेलं नख एकदा उलटं करून बघा. आतून पांढरे पापुद्रे चिकटलेले दिसतील. ते तुमच्या खऱ्या नखाचे. ॲक्रेलिक (पावडर आणि द्रव मिसळून बनवलेलं कृत्रिम नख) उतरवायचं तर वरचा थर घासायचा, ॲसिटोनमध्ये भिजवलेला कापूस ठेवून फॉइल गुंडाळायचं आणि वीस-तीस मिनिटं गप्प बसायचं. नाही सुटलं तर पुन्हा गुंडाळायचं, खरवडायचं नाही. हार्ड जेल हा जेलचा कडक प्रकार ॲसिटोनमध्ये विरघळतच नाही, ते घासूनच कमी करावं लागतं. त्यामुळे नखं लावायला बसण्याआधी ‘काढणार कसं?’ हे विचारा. जिला उत्तर देता येत नाही, तिच्याकडे बसू नका. भिजवूनही ॲक्रेलिक अजिबात मऊ पडत नसेल, तर त्यात एमएमए हे स्वस्त द्रव असल्याची शंका घ्या. अमेरिकेत १९७०च्या दशकातच त्यावर कारवाई झाली होती. ते इतकं कडक बसतं की धक्का लागला तर कृत्रिम नख तुटण्याऐवजी खरं नखच निघून येतं.

दिव्याची भीती निराधार नाही, फुगवलेली आहे. २०२३ साली सॅन दिएगोच्या कॅलिफोर्निया विद्यापीठातल्या संशोधकांनी काचपात्रातल्या पेशी एका वेळी वीस मिनिटं अशा दिव्याखाली ठेवल्या. पेशी मेल्या, डीएनएला इजा झाली. पण यातून माणसाला कॅन्सर होतो हे सिद्ध झालं नाही, आणि पार्लरमध्ये हात काही मिनिटंच दिव्यात असतो. बोटांची टोकं उघडी राहतील असे हातमोजे घाला, झालं. सनस्क्रीनही चालतं, पण नखावर तेलकट थर राहिला तर जेल आठवड्यात सुटतं. मग शिव्या आम्हाला.

बायोटिन या ब गटातल्या जीवनसत्त्वानं धडधाकट माणसाची नखं सुधारतात याला भक्कम पुरावा नाही. मोठा डोस चालू असेल तर थायरॉइडचा रिपोर्ट मात्र चुकू शकतो.

ज्याला खरंच घाबरायला हवं, ते फॉरवर्डमध्ये नाहीच. कच्चं राहिलेलं जेल कातडीला वारंवार लागलं की ॲलर्जी होऊ शकते: खाज, बोटांना चिरा, कधी पापण्यांवर सूज. एकदा झाली की बहुधा जन्मभराची, आणि दातांच्या फिलिंगमध्येही जेलच्याच कुळातली रसायनं असतात, म्हणजे तिथेही त्रास होऊ शकतो. ऑनलाइन किट मागवून घरी हात चालवणाऱ्यांना हा धोका जास्त. जेल क्यूटिकलवर, म्हणजे नखाच्या मुळाशी असलेल्या कातडीवर, आलं तर दिव्यात हात घालण्याआधी पुसायला सांगा. खाज सुटली तर त्वचारोगतज्ज्ञाकडे जा, पुढच्या अपॉइंटमेंटची वाट बघू नका.

राहिलं पिवळं पडणं. गेल्या सीझनला एक नवरी घाबरून आली, हाच फॉरवर्ड दाखवत. आदल्या दिवशी हळद लागली होती. टॉप कोट, म्हणजे सगळ्यात वरचा थर, घासून नवा लावला, पंधरा मिनिटांत नखं पूर्ववत.