तंबाखूच्या पुडीला उंदीर भीत नाही

पावसाची झड लागली की एक मेसेज कोल्हापुरातल्या झाडून सगळ्या ग्रुपवर येऊन पडतो. कॉलनीचा ग्रुप, भिशीचा ग्रुप, तालमीचा ग्रुप, कुठलाच सुटत नाही. मजकूर साधारण असा: "गाडी महिनोन्‌महिने उभी राहणार? गॅरेजला हात लावायची गरज नाही. बॉनेटखाली तंबाखूची पुडी बांधा, चार डांबरगोळ्या टाका, वायरींवर फिनेल नाहीतर डिझेल मारा, आवाजाचं यंत्र लावा, रोज पाच मिनिटं इंजिन चालू करा आणि कोपऱ्यात उंदराचं औषध ठेवा. हल्लीच्या वायरींत सोयाबीन असतं, म्हणून उंदीर येतात. शंभर टक्के खात्रीशीर." खाली जोडलेले हात.

मुलं पुण्याला किंवा परदेशात, आणि गाडी रुईकर कॉलनीत नाहीतर आर. के. नगरात पत्र्याच्या शेडमध्ये झाकून ठेवलेली, अशी घरं आता कमी नाहीत. त्यामुळे हा मेसेज लोक मनावर घेतात. एखाद्या वाक्यात थोडं तथ्य आहे, दोन वाक्यं सरळसरळ धोक्याची आहेत आणि पहिलंच वाक्य सगळ्यात चुकीचं आहे. ते शेवटी घेतो, कारण त्यावर बोलण्यासारखं बरंच आहे.

"तंबाखूची पुडी बांधा." निपाणी हाकेच्या अंतरावर असल्यामुळे की काय, आपल्याकडे तंबाखूवरचा विश्वास जरा जास्तच. उंदराचं नाक तीक्ष्ण असतं हे खरं. पण ज्याची अर्धी हयात गटारात जाते त्याला उग्र वासाचं काय कौतुक? नवा वास आला की तो एक-दोन रात्री बिचकतो. त्या वासामागे धोका नाही हे कळलं, की पुडीला वळसा घालून आत शिरतो. शिवाय वास टिकतही नाही. चालत्या गाडीत तो इंजिनाच्या उष्णतेनं उडून जातो, आणि उभ्या गाडीत आपला जुलै-ऑगस्ट त्या पुडीला बुरशी आणतो.

मग "आमच्याकडे फरक पडला" म्हणणारे खोटं बोलतात का? अजिबात नाही. पुडी बांधण्याआधी माणूस काय करतो बघा. बॉनेट उघडतो, घरटं उपसून काढतो, तुटलेल्या वायरी जोडून घेतो, इंजिन धुतो आणि धसक्यानं पुढचे पंधरा दिवस रोज जाऊन डोकावतो. उंदराची निवांत जागा मोडते ती या उपद्व्यापानं. श्रेय पुडी खाऊन जाते. वर एक जोखीम आहेच: गाडी पळाली की एक्झॉस्ट मॅनिफोल्ड, म्हणजे इंजिनातला जळका धूर बाहेर नेणारा नळीचा भाग, काहीशे अंश सेल्सिअस तापतं. त्याच्याशेजारी सुकं पान, कापड आणि सुतळी बांधून ठेवणं शहाणपणाचं नाही.

"डांबरगोळ्या टाका, फिनेल-डिझेल मारा." डांबरगोळी बंद कपाटात किड्यांवर काम करते, कारण तिची वाफ तिथे कोंडून राहते. बॉनेटखाली खालून-वरून वारा खेळतो. तिथे उंदीर पळेल इतकी वाफ साठत नाही. साठली, तर ती आधी आपल्या नाकात जाईल. समोरच्या काचेखाली जी जाळी असते तिथूनच एसीचा ब्लोअर बाहेरची हवा ओढतो. डांबरगोळीतलं नॅप्थलीन लहान मुलांसाठी वाईट. जी६पीडी या एन्झाइमची जन्मजात कमतरता असलेल्या बाळांच्या तांबड्या रक्तपेशी त्यानं फुटू शकतात. आणि पांढरी गोळी दिसली की लहान पोर ती आधी तोंडात घालतं.

डिझेल आणि रॉकेल रबराला फुगवतात. बेल्ट, होज, बुशिंग सगळं रबराचंच. उंदरानं एखादी वायर तोडली असती, तुम्ही अख्खं इंजिन ज्वालाग्राही तेलानं माखून ठेवलंत.

इथं मिरचीवाले पुढे सरसावतात. त्यांच्या म्हणण्यात मात्र दम आहे. मिरचीतलं कॅप्सायसिन उंदराच्या तोंडालाही झोंबतं, आणि होंडा कंपनी कॅप्सायसिन लावलेली टेप वायरींवर गुंडाळायला विकते. पण टेप गुंडाळलेला भागच वाचतो, शेजारची उघडी वायर नाही. आणि टेपऐवजी घरची लवंगी मिरची पूड करून उधळलीत, तर एसी लावल्यावर पहिला ठसका तुम्हालाच लागणार आहे.

"आवाजाचं यंत्र लावा." यावर फार वेळ घालवू नये. मानवी कानाला न ऐकू येणारा तो आवाज भिंत, पोतं, टायर, काहीच भेदत नाही. आडोशाला बसलेल्या उंदरापर्यंत तो पोहोचत नाही, आणि पोहोचला तरी काही दिवसांत त्याला सवय होते. फसव्या जाहिरातींवर नजर ठेवणाऱ्या अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशन या सरकारी संस्थेनं २००१ मध्ये अशी यंत्रं बनवणाऱ्या आणि विकणाऱ्या ६० हून अधिक कंपन्यांना पत्रं पाठवून बजावलं होतं, की दावे करायचे तर शास्त्रीय पुरावा दाखवा. यंत्र मात्र आजही दिमाखात विकलं जातं.

"वायरींत सोयाबीन असतं, म्हणून उंदीर येतात." काही वायरींच्या आवरणात वनस्पतिजन्य घटक वापरले जातात आणि त्यावरून अमेरिकेत गाडी कंपन्यांवर दावेही झाले. पण उंदरानं वायर कुरतडणं सोयाबीनच्या आधीपासूनचं आहे. त्याचे पुढचे दात आयुष्यभर वाढत राहतात, ते झिजवत ठेवावे लागतात. म्हणून तो प्लॅस्टिक, लाकूड, शिशाची नळी, ॲल्युमिनियम, काहीही कुरतडतो. वायर खायला तो आलेलाच नसतो. बॉनेटखालची उबदार, अंधारी, आडोशाची जागा घरटं करायला हवी असते, आणि वायर मध्ये येते.

"रोज पाच मिनिटं इंजिन चालू करा." याचा तर उलटा परिणाम होतो. पाच मिनिटांत तेल धड तापत नाही, सायलेन्सरमध्ये पाणी साठतं, आणि स्टार्टरनं बॅटरीतून ओढलेली वीज भरूनही येत नाही. गॅरेज बंद असेल तर कार्बन मोनॉक्साइडचा धोका. आणि थंडी-पावसाच्या रात्री तुम्ही उंदराला गरम केलेली खोली देऊन झोपायला जाता. गाडी खरंच काही महिने उभी राहणार असेल तर बॅटरीचं निगेटिव्ह टर्मिनल सोडून ठेवा. वायर कुरतडली गेली तरी शॉर्ट होऊन आग लागायची शक्यता त्यानं बरीच कमी होते. मेसेजमध्ये खरं तर हे असायला हवं होतं.

"कोपऱ्यात औषध ठेवा." इथं जरा थांबतो, कारण या वाक्यानं जीव जाऊ शकतो.

काळी पूड मिळते ती झिंक फॉस्फाइड. पोटातल्या आम्लाशी तिचा संयोग झाला की फॉस्फीन हा विषारी वायू तयार होतो आणि त्याला उतारा नाही. टूथपेस्टसारखी दिसणारी पेस्ट असते तिच्यात पिवळा फॉस्फरस, तो यकृत निकामी करतो. त्यालाही उतारा नाही. घरात लहान मूल किंवा कुत्रं असेल तर या दोन्ही वस्तूंना दाराच्या आत घेऊ नये. ब्रोमाडायोलोनच्या वड्या तुलनेनं संथ. त्या रक्त गोठू देत नाहीत, उंदीर काही दिवसांनी मरतो, आणि चुकून माणसाच्या किंवा कुत्र्याच्या पोटात गेल्या तर डॉक्टर के१ जीवनसत्त्व देऊन उपचार करू शकतात. पण ते चार-पाच दिवस तो झिंगलेला उंदीर मांजर नाहीतर गव्हाणी घुबड उचलतं आणि विष त्याच्या पोटात जातं. ज्या घुबडानं उसाच्या फडातले उंदीर टिपायचे, त्यालाच आपण मारतो.

आणि गाडीचं म्हणाल तर विष खाल्लेला उंदीर "बाहेर जाऊन मरतो" ही निव्वळ समजूत आहे. तो आडोशाला जाऊन मरतो. गाडीतला सगळ्यात चांगला आडोसा म्हणजे एसीचा ब्लोअर. तो वास काढायला डॅशबोर्ड उतरवावा लागतो.

"गॅरेजला हात लावायची गरज नाही." आता मूळ मुद्दा. आपल्याकडे गॅरेज म्हणजे नुसती गाडीची जागा नसते. गावाकडनं आलेलं घनसाळ तांदळाचं पोतं तिथे, शेंगा तिथे, गुळाची ढेप तिथे, कुत्र्याचं खाणं आणि दारात म्हैस असेल तर पेंडही तिथेच. भर म्हणून जुन्या गाद्या आणि रद्दी. एअर फिल्टरचा डबा उघडला की हे सगळं आत सापडतं: शेंगांची टरफलं, गादीचा कापूस, वर्तमानपत्राच्या बारीक चिंध्या, बॉनेटखालच्या नमद्याचे तुकडे आणि मधोमध काळ्या लेंड्या. उंदरानं सामान बाजारातून आणलेलं नसतं, तुम्ही दोन हातांवर ठेवलेलं असतं. पोती पत्र्याच्या डब्यात किंवा घट्ट झाकणाच्या पिंपात गेली, की निम्मं काम झालं.

उरलेलं निम्मं फटींचं. घरउंदराला सहा-सात मिलिमीटरची फट पुरते, म्हणजे शिसपेन्सिल जिथे शिरते तिथे तो शिरतो. शटरखाली अंगठा जात असेल तर दार उघडंच आहे असं समजा. रबराची पट्टी तो कुरतडतो, फोम तर त्याला लोण्यासारखा. खाली पत्र्याची पट्टी मारून घ्या. शिवाजी उद्यमनगरात मापाचा पत्रा कापून देणारे पायलीला पन्नास आहेत. हवेच्या झरोक्यांना आणि पाण्याच्या पाइपाभोवती पाव इंची जीआय जाळी लावा, भिंतीतली भोकं काचेचा चुरा घातलेल्या सिमेंटनं भरा. ही आपल्या गवंड्यांची जुनी रीत आहे आणि ती चालते. शहाबादी फरशी असेल तर सांधे तपासा. कोपऱ्यात मातीचा ढिगारा वर आलेला दिसला तर तो उंदीर नव्हे, घूस आहे. ती खालून पोखरत येते, तिच्यासाठी फरशी उचलून खाली काँक्रीट करावं लागतं.

चिचुंद्री दिसली तर मात्र काठी घेऊन धावू नका. ती कुरतडणाऱ्या प्राण्यांत मोडतच नाही. ती झुरळं-किडे खाते, तुमच्या वायरीत तिला रस नाही. तिचा वास सहन करायचा, बस्स.

मांजर पाळा असं सुचवणारेही भेटतात. मांजर असावं, पण भरवसा ठेवू नये. न्यूयॉर्कच्या ब्रुकलिनमध्ये भटक्या मांजरांवर झालेल्या आणि २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात मांजरांनी मोठे उंदीर अगदी मोजकेच मारले. उंदीर फक्त जास्त लपून राहू लागले. आणि मांजरासाठी रात्रभर उघडी ठेवलेली दूध-चपाती कोण खातं, हे सांगायला नको.

वेळही पाहा. पंचगंगेचं पाणी चढलं की काठच्या बिळांतले उंदीर वरच्या घरांकडे सरकतात. दिवाळीनंतर ऊसतोड सुरू झाली की फड मोकळा होतो आणि त्यातले उंदीर शेजारची शेडं शोधतात. कसबा बावडा, फुलेवाडीकडच्या कडेच्या घरांनी या दोन वेळांच्या आधी जाळ्या तपासाव्यात.

आत आलेल्यांसाठी साधा सापळा पुरे. भिंतीला लागून, खटका भिंतीकडे. मोठा उंदीर नव्या वस्तूला बिचकतो, म्हणून पहिले काही दिवस खटका न लावता नुसतंच खोबरं किंवा शेंगदाण्याचा कूट ठेवा. लेंड्या कोरड्या झाडू नका, धुरळा नाकात जातो, आणि उंदराच्या मुतातून लेप्टोस्पायरोसिस होतो. हातमोजे घाला, एका भाग ब्लीचला नऊ भाग पाणी असं मिश्रण शिंपडा, पाच-दहा मिनिटं भिजू द्या आणि मग पुसून घ्या.

उंदीर कुठून येतो हे कळत नसेल तर रात्री भिंतीच्या कडेनं पिठाचा पातळ थर पसरा आणि सकाळी पावलं बघा. सापळे त्या वाटेवर लावा. पावलं उमटायची थांबली की मगच शेवटची फट भरा. त्याआधी भरलीत, तर उंदीर गाडीसकट आत कोंडला जाईल.