लाल दिवा आणि पिंट्याचं नेट

नाशिकच्या इंदिरानगरमधल्या जॉगिंग ट्रॅकजवळच्या टपरीवर काल पिंट्या आला तोच तणतणत. कुंभमेळ्याच्या कामांसाठी रस्ते खोदलेत, जेसीबीचा पंजा लागला की कुणाची ना कुणाची नेटची फायबर वायर जातेच. यावेळी याची गेली होती.

"बास झालं. कंपनीच बदलतो!"

"आणि नव्या कंपनीची वायर आकाशातून येणार का?" नाना म्हणाले. नाना टेलिफोन खात्यातून रिटायर झालेत, वायर म्हटलं की त्यांना चेव येतो. "त्याच खांबावरून, त्याच आंब्याच्या फांदीवरून येणार ती. घरातल्या मोडेमच्या डब्यावर एलओएसचा, म्हणजे सिग्नल गेल्याचा, दिवा लाल लुकलुकतो का?"

"आत्ता लुकलुकतोय. पण एरवी तो बंद असतो, बाकीचे हिरवे असतात, तरी रात्री पिक्चर अडकतोच."

"मग ते दोन वेगळे आजार आहेत. लाल म्हणजे प्रकाशच पोचत नाही, वायर तुटली किंवा कुठेतरी मुडपली. लाल नसूनही अडकतंय, तर आधी घरात बघ. राउटर कुठंय?"

"शोकेसमध्ये. टीव्हीच्या मागे."

सगळे हसले. सच्या म्हणाला, "दोन भिंतींपलीकडे पाच गिगाहर्ट्झच्या वायफायचा जीव जातो. मग मोबाईल २.४ वर येतो, आणि तिथे अख्ख्या सोसायटीचे राउटर एकमेकांच्या उरावर बसलेले. लॅपटॉपला केबल लावून टेस्ट कर, मग कंपनीला शिव्या घाल."

"केली टेस्ट! प्लॅन १०० एमबीपीएसचा, आणि फाइल उतरते १२ ने."

"अरे, प्लॅन मेगाबिटमध्ये, फाइल मेगाबाइटमध्ये. आठ बिटांचा एक बाइट, म्हणून आठाने भाग. साडेबारा येतात. पूर्ण मिळतंय तुला."

पिंट्या थोडा वरमला, पण हटला नाही. "ते सोडा. तक्रार केली की मेसेज येतो, 'आपल्या समस्येचे निराकरण झाले आहे'. माणूस फिरकलेलाही नसतो!"

इथे मात्र मी पिंट्याच्या बाजूने. वायर कुणाचीही तुटेल. ती जोडायला माणूस कधी येतो, यावर कंपनी ठरवावी. कंपनीचं नाव मोठं असलं तरी गल्लीत शिडी घेऊन येतो तो बहुतेकदा स्थानिक ठेकेदाराचाच पोरगा. त्यामुळे जाहिरातीपेक्षा शेजारच्या विंगमध्ये विचारलेलं बरं.

"मोबाईलसारखं पोर्ट करता येत नाही का?" बाप्याने विचारलं.

"नाही रे," मी म्हणालो. "मोबाईल नंबरचं देशभर २०११ मध्ये सुरू झालं. इथे नवी वायर, नवा डबा. म्हणून जुनं चालू ठेवूनच नवं घ्यायचं. आणि सहा महिन्यांचे पैसे एकदम भरायचे नाहीत, पहिल्यांदा महिन्याचाच प्लॅन. ५९९ चा असला तरी १८ टक्के जीएसटी धरून ७०७ जातात, हेही लक्षात ठेव."

"आणि जुना डबा परत देताना पोचपावती घे," नाना म्हणाले. "नाहीतर डिपॉझिटवर पाणी सोड."

पिंट्याने तिथूनच खांबावरच्या जाहिरातीतला नंबर लावला. फोन स्पीकरवर. "उद्याच लावून देतो सर!" पलीकडचा आवाज खुशीत.

नानांनी खुणावलं, "दुरुस्तीला कधी येतात ते विचार."

पिंट्याने विचारलं.

"त्यासाठी कस्टमर केअरचा नंबर आहे ना सर, मेसेज करतो."

"मेसेजच ना?" पिंट्या म्हणाला, आणि फोन कापून दुसऱ्या जाहिरातीचा नंबर शोधायला लागला.